पस्तिशीत पुन्हा शिकाऊ झालेली शिक्षिका : कोसबाडच्या अनुताई वाघ

शिरगाव (ता. पालघर) : अंगणवाडीत नवी ताई रुजू झाली की पहिल्या आठवड्यातच तिची परीक्षा होते, ती रडणाऱ्या पोरापुढं. रजिस्टर भरायला ती शिकलेली असते. मोबाईलवर पोषण ट्रॅकर उघडून वजन-उंची चढवणंही चार दिवसांत जमतं. पण आईचा पदर घट्ट धरून बसलेल्या तीन वर्षांच्या पोराला आत कसं घ्यायचं, हे कुठल्या कागदावर लिहून येत नाही. शिरगाव असो, सातपाटी असो, नाहीतर बोईसरच्या कामगारांची चाळ असो, अडचण तीच. आणि सुटतेही ती एकाच रीतीनं. शेजारी जुनी मदतनीस असते. ती पोराला कडेवर घेते, दाराबाहेरची कोंबडी दाखवते, आईला डोळ्यानंच निघायला सांगते. नवी ताई ते बघत राहते. चार-आठ दिवसांनी तिला ते जमायला लागतं.

या बघत-करत शिकण्याला जुनी माणसं उमेदवारी म्हणायची. आता उमेदवारी म्हटलं की झेडपीचं तिकीटच आठवतं. पण पूर्वी सुताराकडे, शिंप्याकडे पोरगा उमेदवारीला ठेवायचे. आधी भुसा झाडायचा, मग रंधा हातात, मग कधीतरी दाराची चौकट. लहान मुलांच्या कामालाही अशीच उमेदवारी लागते, हे आपल्याच जिल्ह्यात एका बाईनं आधी स्वतः करून दाखवलं आणि मग शेकडो पोरींकडून करून घेतलं. त्या म्हणजे कोसबाडच्या अनुताई वाघ. आपल्याकडे त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत भिंतीवर फोटो असतो, जयंतीला हार पडतो. पण त्या शिकल्या कशा आणि कोणाजवळ, हे फारसं कोणी सांगत नाही.

मोरगाव ते हुजूरपागा

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. वडील बाळकृष्ण वाघ, आई यमुनाबाई. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी लग्न लागलं आणि सहा महिन्यांच्या आत नवरा वारला. संसार म्हणजे काय ते कळायच्या आधीच कपाळावर विधवा असा शिक्का बसला.

त्या काळात अशा मुलीचं पुढचं आयुष्य ठरलेलं असे. भावाच्या नाहीतर दिराच्या घरी चुलीपुढं बसायचं, दुसऱ्यांची पोरं सांभाळायची, सणासुदीला मागं राहायचं. अनुताई त्या वाटेनं गेल्या नाहीत. त्यांनी शिक्षण धरलं. १९२५ साली व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे त्या वेळची सातवी, पास झाल्या. पुढं पुण्याला शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं आणि १९२९ पासून नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातल्या शाळांत शिकवायला लागल्या. खेड्यात एकटी बाई मास्तरीण म्हणून राहते, ही गोष्टच तेव्हा नवलाची. तिथं चार वर्षं काढून १९३३ ला त्या पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. मुलींची ही शाळा १८८४ पासूनची, नाव मोठं. दिवसा शिकवायचं आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायचं, असं करत १९३७ ला त्या मॅट्रिक झाल्या. १९४४ पर्यंत हुजूरपागेत राहिल्या.

हा हिशोब लक्षात ठेवायला हवा. ट्रेनिंग झालेली, पंधरा वर्षं वर्गावर काढलेली, पुण्यातल्या नावाजलेल्या शाळेत स्थिरावलेली ही बाई. आपल्याला शिकवता येतं असं तिला वाटत असलं तर त्यात चूक काहीच नव्हती.

बोरिवलीचं शिबिर

२२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्यात आगाखान पॅलेसच्या कैदेत कस्तुरबा गेल्या. त्यांच्या नावानं देशभर निधी जमला आणि खेड्यातल्या बायका-मुलांसाठी काम करायचं ठरलं. त्यासाठी कार्यकर्त्या बायका हव्या होत्या, म्हणून शिबिरं निघाली. त्यातलं एक १९४५ साली बोरिवलीला भरलं. अनुताई तिथं गेल्या आणि तिथंच त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली.

ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या. मुंबई विद्यापीठाच्या १९१४ सालच्या बी.ए. त्यांची स्वतःची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. राजकोटला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या प्रिन्सिपॉल होत्या. मोठी नोकरी होती, मान होता. तिथं असताना भावनगरच्या गिजुभाई बधेकांचं काम त्यांच्या कानावर आलं. गिजुभाई मूळचे वकील. घरात मूल झालं, त्याला कसं वाढवावं याचा विचार करताना मॉन्टेसोरी बाईंची पुस्तकं हाती आली आणि वकिली सोडून ते बालमंदिरात जमिनीवर येऊन बसले. गुजरातेत त्यांना मिशीवाली आई म्हणत. ताराबाईंनी प्रिन्सिपॉलची खुर्ची सोडली आणि १९२३ ला भावनगरला जाऊन त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. नऊ वर्षं तिथं काढली. १९२६ ला नूतन बालशिक्षण संघ निघाला, तो याच मंडळींचा. पुढं १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं आणि तिथं बालशिक्षिका तयार करायला सुरुवात केली.

म्हणजे वकील मुलांपुढं शिकाऊ झाला, प्रिन्सिपॉल त्या वकिलापुढं, आणि आता हुजूरपागेची मास्तरीण त्या प्रिन्सिपॉलपुढं. या साखळीत प्रत्येकानं वरची जागा सोडून खालून सुरुवात केलेली दिसते.

ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. दादरच्या बालमंदिरात येत होती ती खाऊनपिऊन सुखी घरांची मुलं. मॉन्टेसोरीची साधनं महाग, लाकडी, घडवून घ्यायची. गरिबाच्या पोराला हे कसं मिळायचं? म्हणून त्यांनी खेड्यात जायचं ठरवलं. जागा निवडली बोर्डी, तेव्हाचा ठाणे जिल्हा, डहाणू तालुका, समुद्रकाठचं चिकूच्या वाड्यांचं गाव. आचार्य भिसे तिथं आधीपासून शाळेचं आणि आदिवासींचं काम करत होते. डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. ताराबाईंबरोबर अनुताई आल्या. वय पस्तीस.

जे येत होतं ते विसरायला लागलं

बोर्डीला आल्यावर अनुताईंना काय काय नव्यानं शिकावं लागलं, हे समजायला तेव्हाचा काळ बघायला हवा. त्याच वर्षी मे महिन्यात आताच्या तलासरी तालुक्यातल्या झरीला वारल्यांची मोठी परिषद झाली होती. गोदावरी परुळेकरांच्या पुढाकारानं वेठबिगारीच्या आणि लग्नगड्याच्या पद्धतीविरुद्ध आदिवासी उभे राहिले होते. लग्नाला सावकाराकडून कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबत, ही ती पद्धत. अशा घरातलं पोर शाळेत का येत नाही, याचं उत्तर पोराच्या आळसात शोधून काय मिळणार? पोरगा जमीनदाराची गुरं राखतो, पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन बसते, तेव्हा आई-बाप मजुरीला जाऊ शकतात. शहरातून आलेल्या, स्वच्छ लुगडं नेसलेल्या बाईला बघून पोरं झाडाआड पळायची, कारण तोवर पाड्यावर आलेलं पांढरपेशा माणूस काहीतरी वसूल करायलाच आलेलं असायचं.

वर्गात फळ्यापुढं उभं राहून शिकवणाऱ्या बाईला इथं आधी पाड्यावर चालत जावं लागलं. मुलांना बोलवायचं, हात धरून आणायचं. आणल्यावर पाटी-पेन्सिल नाही, तर आंघोळ. नाक पुसायचं, नखं कापायची, केसांतल्या उवा काढायच्या, खरजेला औषध लावायचं. मग गाणं, मग खेळ, मग खाऊ. अक्षराचा नंबर फार नंतर. हुजूरपागेत पंधरा मिनिटांत मुलींची रांग लावता येणाऱ्या शिक्षिकेला इथं एका पोराची नखं कापायला त्याचा विश्वास बसेपर्यंत थांबावं लागे.

मुलं वारली बोलीत बोलायची, पुस्तक पुणेरी. पुस्तकातलं आपल्याला येतं ते इथं चालत नाही, हे कबूल करणं शिकलेल्या माणसाला फार जड जातं. ताराबाईंची रीत अशी की मुलाकडे बघत बसायचं. ते कशाशी खेळतं, किती वेळ खेळतं, कुठं अडतं, ते टिपून ठेवायचं आणि त्यावरून उद्याचं काम ठरवायचं. मॉन्टेसोरीबाईंचं शास्त्र घेतलं, पण त्यांच्या पेट्या घेतल्या नाहीत. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे शिकवायला इथं शिंपल्या होत्या, गोटे होते, चिंचोके, बिया, पानं, बांबूचे तुकडे होते. समुद्रकाठच्या गावात शिंपल्यांना काय तोटा! रंग ओळखायला फुलं पुरली. शिरगावच्या किनाऱ्यावर आज एखादी सेविका मुलांकडून शिंपल्या मोजून घेत असेल, तर ती बोर्डीचीच युक्ती वापरते, तिला ते माहीत असो वा नसो.

पोरं येत नाहीत, मग आपण जाऊ

तरी मधल्या बालवाडीत सगळ्या पाड्यांवरची मुलं येईनात. तीन वर्षांचं पोर दोन मैल चालणार कसं, आणि त्याला आणून सोडायला घरात मोकळं आहे कोण? तेव्हा उलटं करायचं ठरलं. पाड्यावरच्या कोणाच्या तरी घरापुढं सारवलेलं अंगण असतं. ताईनं साहित्याची पिशवी घेऊन तिथंच जायचं, तिथंच मुलं जमवायची. अंगणात भरणारी म्हणून अंगणवाडी. हा शब्द ताराबाईंचाच मानला जातो. आज देशभर ज्या नावाच्या पाट्या लागल्यात ते नाव आपल्या डहाणू तालुक्यातल्या अंगणातून निघालं, ही काही लहान गोष्ट नाही.

अंगणात बालवाडी भरल्याचा एक फायदा आधी कोणाच्या ध्यानात आला नसेल. आया तिथंच असायच्या. कोणी भात कांडते, कोणी कूड सारवते. ताई पोराचे डोळे कसे धुते, ते त्यांना घरबसल्या दिसायचं. आरोग्याचं भाषण न देता आरोग्य शिकवलं जायचं.

मग दुसरी अडचण आली. सात-आठ वर्षांच्या मुली शाळेत यायला तयार, पण कडेवर धाकटं भावंडं. भावंडं घरी ठेवता येईना. यावर उपाय म्हणून शाळेतच पाळणाघर आलं. तान्ही पोरं झोळीत, मधली बालवाडीत, मोठी प्राथमिकच्या वर्गात, सगळं एकाच आवारात. याला नाव दिलं विकासवाडी. मोठ्या मुली मधूनमधून तान्ह्याकडे बघायच्या आणि बाळ कसं सांभाळायचं तेही नीट शिकायच्या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरतात तिथं मास्तरनंच जायचं, झाडाखाली बसायचं, चरणारी गुरं दिसतील एवढ्या अंतरावर शिकवायचं. दिवसभर कामाला जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा.

आता हे वाचायला सोपं वाटतं. पण यातली एकही गोष्ट मुंबई-पुण्यात बसून कोणाला सुचली नसती. पोर का येत नाही, हे त्याच्या घरी जाऊन बघितल्यावरच कळत होतं. अनुताईंची उमेदवारी झाली ती अशी, पायी चालत.

१९५६-५७ च्या सुमाराला केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. डहाणू आणि घोलवडच्या मधल्या भागात, वारली पाड्यांच्या अगदी जवळ. बोर्डी कितीही झालं तरी बागायतदारांचं गाव. कोसबाडला चारी बाजूंनी पाडेच.

सातवी पास पोरी ताई झाल्या

एक मोठा प्रश्न राहिलाच होता. एक ताराबाई आणि एक अनुताई किती पाड्यांवर पुरणार? शहरातून शिक्षिका आणाव्यात तर त्या टिकायच्या नाहीत. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात पाणी नाही, जवळ डॉक्टर नाही. म्हणून इथल्याच मुली-बायका तयार करायच्या, हे ठरलं. बालवाडीच्या शिक्षिका घडवायचे वर्ग केंद्रातच चालू झाले आणि ते काम बघता बघता अनुताईंच्या अंगावर आलं.

या वर्गांचं वेगळेपण असं होतं की शिकायची जागा आणि कामाची जागा एकच. खोलीत बसून बालमानसशास्त्राच्या वह्या भरायच्या आणि वर्ष संपल्यावर मुलं बघायची, असं नव्हतं. मुलं पहिल्या दिवसापासून समोर. शिकाऊ मुलीनं जुन्या ताईबरोबर पाड्यावर जायचं, मुलं गोळा करायची, झाडलोट, पाणी, आंघोळ यांत हात घालायचा. गाणं ऐकून ऐकून पाठ करायचं आणि मग एक दिवस आपणच म्हणायचं. साधनं आपल्या हातानं बनवायची. चिंध्यांची बाहुली, बियांच्या माळा, मातीचे प्राणी. दुकानातून आणलेलं खेळणं मोडलं की संपलं. हातानं केलेलं मोडलं तर दुसरं करता येतं, एवढं साधं गणित त्यामागं होतं.

हे काम हाताखाली राहूनच का शिकावं लागतं, याचं एक उदाहरण पुरेसं आहे. बालवाडीत एक पोर नुसतं बसून राहतं, बोलत नाही, खेळत नाही. पुस्तक सांगतं की मूल लाजाळू असू शकतं. अनुभवी ताई आधी बघते की ते सकाळी काही खाऊन आलं आहे का. मग बघते की हाक मारल्यावर मान वळवतं का, म्हणजे कानाला येतं का. मग विचारते की घरात कोणती बोली बोलतात. मग बघते की अंगात ताप आहे का. चार गोष्टी ती दोन मिनिटांत करते आणि आपण काही विशेष केलं असं तिला वाटतही नाही. नव्या मुलीला हे कोणी व्याख्यानात सांगितलं तर ती लिहून घेईल आणि विसरेल. शेजारी उभं राहून दहा वेळा बघितलं तर अकराव्या वेळी तिचा हात आपोआप पोराच्या कपाळावर जाईल.

सातवी शिकलेली, पाड्यावर वाढलेली मुलगी या कामात शहरातल्या पदवीवालीपेक्षा काही बाबतींत पुढंच असायची. तिला बोली येत होती. कोणत्या महिन्यात आवणीला सगळा पाडा रिकामा होतो, कोण मिठागरावर जातं, कोण गवत कापायला, हे तिला सांगावं लागत नव्हतं. मुलाला कडेवर घ्यायला ती कचरत नव्हती. तिला शिकवायचं होतं ते स्वच्छतेचं शास्त्र, खेळाचा क्रम, नोंदी ठेवणं आणि सगळ्यात अवघड म्हणजे न मारणं. घरात मार खाऊन वाढलेल्या माणसाला मूल मारू नये हे पटतं, पण हात थांबत नाही. समोर रोज न मारणारी ताई दिसली तरच ते सुटतं.

अनुताईंनी हे सगळं लिहूनही ठेवलं. बालवाडी कशी चालवावी या नावाचं त्यांचं पुस्तक म्हणजे कामाची हातपुस्तिकाच. कोसबाडच्या टेकडीवरून हे त्यांचं आत्मचरित्र पुष्कळांच्या घरी असेल.

एक्कावन्नाव्या वर्षी पदवी

दुसऱ्यांना शिकवताना अनुताईंचं स्वतःचं शिक्षण थांबलेलं नव्हतं. १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, त्या पदवीधर झाल्या. या पदवीवर पगार वाढायचा नव्हता की बढती मिळायची नव्हती. पण वर्गात शिकायला आलेल्या, दोन पोरांच्या आया झालेल्या बायांना वाटायचं की आता या वयात कुठं पुस्तक धरायचं. त्यांना हे उदाहरण समोर दिसत होतं.

१९६२ ला ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या वारल्या. बोरिवलीच्या शिबिरापासून मोजलं तर अनुताई अठ्ठावीस वर्षं त्यांच्याबरोबर होत्या. एवढी लांब उमेदवारी कुठल्या कारागिरानंही केली नसेल. आणि आता, त्रेसष्टाव्या वर्षी, सगळा गाडा एकटीनं ओढायचा होता. ज्या वयात बाकीचे निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली असतात, त्या वयात त्यांनी तो घेतला आणि पुढं एकोणीस वर्षं ओढला.

ताराबाई गेल्यावर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला देशात ३३ ठिकाणी. तिच्या केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. शून्य ते सहा वर्षांची मुलं, गरोदर आणि स्तनदा आया, आहार, लसीकरण, वजन आणि तीन ते सहाच्या मुलांचं शिक्षण, सगळं एका ताईकडे. नाव कोसबाडचं गेलं. आहार आणि रजिस्टरंही नीट पोचली. शिक्षणाचा भाग मात्र मागं पडत गेला, कारण तो शिकवायला शेजारी कोणीतरी असावं लागतं आणि सरकारी योजनेत तेवढी सवड नसते.

१९८२ ला अनुताईंनी रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही आणखी एक संस्था उभी केली. डहाणू तालुक्यातच, दाभोण-ऐने भागात तिचं काम सुरू झालं. तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. १९८५ साली पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी जमनालाल बजाज पुरस्कारही. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या गेल्या.

जे कोसबाडनं सुटलं नाही

त्यांच्या जाण्याच्या सुमारालाच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणानं मुलं दगावली आणि सगळ्या राज्यात हलकल्लोळ झाला. कोसबाडपासून हा मुलूख काही फार लांब नाही. ताईनं कितीही प्रेमानं खाऊ भरवला, तरी घरात भात नसेल आणि आई-बाप अर्धं वर्ष वीटभट्टीवर असतील तर पोर सुकणारच. अनुताईंना हे कळत नव्हतं असं नाही. त्या स्वतः ते रोज बघत होत्या. पण एका केंद्रानं होणारं ते काम नव्हतं.

दुसरी गोष्ट सेविका या शब्दाची. ताराबाई आणि अनुताई दोघींनी हे काम सेवा म्हणून केलं, संसाराचा पाश न ठेवता. पुढं सरकारनंही तोच शब्द उचलला आणि त्याच्याबरोबर पगाराऐवजी मानधन आलं. ज्या बाईला घरी दोन मुलं आहेत, सासू आजारी आहे, नवरा बोईसरच्या कंपनीत कंत्राटी आहे, तिनंही सेवाच करावी असं धरून चाललं गेलं. सुताराकडची उमेदवारी संपली की पोरगा कारागीर व्हायचा आणि कारागिराची मजुरी मागायचा. अंगणवाडीताईची उमेदवारी कधी संपली, हे कोणी ठरवलंच नाही. मुंबईला आझाद मैदानात दर थोड्या वर्षांनी ज्या बाया येऊन बसतात, त्यांचं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे.

आता नियम बदललेत. महाराष्ट्रात नव्या सेविकेला बारावी पास असावं लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्या सेविकेसाठी एक वर्षाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम सांगितला आहे. तो टीव्हीवरून आणि मोबाईलवरून करता येईल, काम न सोडता. प्रत्यक्ष भेटीचा वर्ग महिन्यातून निदान एकदा. मोबाईलवर व्हिडिओ बघून पुष्कळ कळतं, यात शंका नाही, आणि घर सोडून कोसबाडला वर्षभर राहायला आज कोण जाऊ शकणार? पण महिन्यातले बाकीचे दिवस त्या ताईच्या शेजारी कोण उभं असणार, हे धोरणात लिहिलेलं नाही.

पालघर तालुक्यात याचं उत्तर बायांनी आपलं आपणच काढलेलं दिसतं. कित्येक सेविका आधी मदतनीस होत्या. पाच-सात वर्षं त्यांनी खिचडी शिजवली, पोरं गोळा केली, जुन्या ताईचं गाणं ऐकलं, आणि जागा निघाली तेव्हा शिक्षणाची अट पुरी करून त्या सेविका झाल्या. रजिस्टर त्यांना नंतर शिकावं लागलं. रडणारं पोर पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे गप्प बसत होतं.

शिरगावहून कोसबाडला जायचं तर पालघर स्टेशनला येऊन उत्तरेकडची गाडी धरायची. उमरोळी, बोईसर, वाणगाव, मग डहाणू रोड. तिथून पुढं टेकडीपर्यंत रस्त्यानं.